दोन चित्रांच्या मध्ये

१९३०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या हायपेरियन ॲव्हेन्यूवर डिस्नेचा स्टुडिओ होता. तिथल्या मुख्य ॲनिमेटरच्या टेबलावरून उतरलेल्या कागदावर दोन गोष्टी असत. मधोमध पात्राचं चित्र आणि कडेला पेन्सिलीने ओढलेली एक उभी रेघ. रेघेवर आखूड आडव्या खुणा, खुणांपाशी आकडे. एका टोकाला या चित्राचा क्रमांक, दुसऱ्या टोकाला पुढच्या मुख्य चित्राचा. मधल्या खुणा मात्र सारख्या अंतरावर नसत. टोकांपाशी त्यांची दाटी झालेली असे, मध्यावर एखाददुसरीच.

हा कागद मग इनबिटवीनरकडे जाई. इनबिटवीनर म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं काढणारा, बहुधा नुकताच कामाला लागलेला तरुण कलाकार. त्याच्या टेबलाला काच, काचेखाली दिवा आणि कडेला कागद अडकवायच्या खुंट्या. दोन्ही मुख्य चित्रं खुंट्यांवर एकावर एक बसवायची, वर कोरा कागद ठेवायचा आणि खालून उजळलेल्या रेषांवर नजर ठेवून मधलं चित्र काढायचं. नेमकं किती मधलं, ते कडेची रेघ सांगे. खूण मध्यावर असेल तर बरोबर निम्म्यावर, टोकाकडे असेल तर निम्म्याच्याही निम्म्यावर. पडद्यावरून सेकंदाला २४ चौकटी सरकतात. ओळीने येणारी चित्रं एकमेकांच्या जवळ असली की हालचाल सावकाश दिसते, लांब असली की वेगवान. म्हणून टोकांपाशी खुणांची दाटी केली की पात्राचा हात हळूच निघतो, मध्ये वेग घेतो आणि अलगद थांबतो.

आजचा संगणकावरचा ॲनिमेटर त्या दोन मुख्य चित्रांना कीफ्रेम म्हणतो आणि हळू निघण्या-थांबण्याला ईझिंग. मधली चित्रं त्याला हाताने काढावी लागत नाहीत, ती यंत्र भरतं. खुणा कुठे दाट आणि कुठे विरळ, हे ठरवणं मात्र माणसाकडेच राहिलं. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत पुन्हा पुन्हा बदललं ते हा निर्णय यंत्राला सांगायचं साधन. पेन्सिलीच्या खुणा गेल्या, वक्ररेषा आल्या, त्यांची सूत्रं झाली, आणि सूत्रांचे चार आकडे.

मुख्य चित्रं आधी आणि मधली नंतर, ही कामाची पद्धत डिस्नेच्याही आधीची. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके याने १९१४ साली 'गर्टी द डायनोसॉर' केला तेव्हा तो एका हालचालीतल्या ठळक अवस्था आधी रेखाटून घेई, मग त्यांच्या मधलं चित्र, मग त्या अर्ध्याचंही अर्धं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने चित्रं काढत गेलं की पात्र हळूहळू फुगतं किंवा आक्रसतं आणि वेळेचा हिशेब चुकतो. या पद्धतीत दोन्ही धोके टळत. पुढे स्टुडिओ वाढले, तसं एका माणसाच्या सोयीचं हे तंत्र कामगारांच्या उतरंडीत बदललं. वर मुख्य ॲनिमेटर, खाली साहाय्यक, त्याच्याही खाली इनबिटवीनर. १९३७च्या २१ डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' झळकला, तो याच व्यवस्थेच्या बळावर. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांच्यासारखे पुढे नावाजलेले ॲनिमेटरही सुरुवातीला खालच्याच पायऱ्यांवर होते.

याच दोघांनी १९८१ साली 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या ग्रंथात डिस्नेच्या कामाची बारा तत्त्वं मांडली. त्यांतलं एक 'स्लो इन अँड स्लो आउट'. या तत्त्वाचा त्यांनी सांगितलेला उगम मोठा मानवी आहे. ॲनिमेटर आपल्या मुख्य चित्रांवर जीव ओतायचे आणि ती प्रेक्षकांच्या नजरेत भरावीत असं त्यांना वाटायचं. मग ते मधली बहुतेक चित्रं मुख्य चित्रांना खेटून मांडत आणि मध्यावर जेमतेम एक ठेवत. पात्र एका अवस्थेतून दुसरीत झपकन जाई आणि तिथे रेंगाळे. पडद्यावर त्याचा उत्साह दिसे. पण सगळ्याच हालचालींना तोच साचा लावला की पात्र यांत्रिक वाटे, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं आहे.

त्याच पुस्तकात डोक्याचं एक उदाहरण आहे. पहिल्या चित्रात डोकं एका खांद्याकडे कललेलं, दुसऱ्यात दुसऱ्या खांद्याकडे. मध्ये एकही चित्र नसेल तर वाटतं, या माणसाला जबर तडाखा बसला आणि मान मोडायचीच बाकी राहिली. दोन-चार चित्रं घातली की तो काही चुकवताना किंवा मानेने इशारा करताना दिसतो. आणखी वाढवली की विचार करतो आहे असं वाटतं, आणि दहाच्या घरात गेली की दुखरी मान मोकळी करतो आहे असं. दोन्ही मुख्य चित्रं जशीच्या तशी आहेत. अर्थ बदलला तो मधल्या चित्रांनी.

यामागे पदार्थविज्ञानही आहे. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात दाखवलं, की खाली पडणारी वस्तू वेळेच्या सारख्या तुकड्यांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते. चेंडू अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ चौकटींत, साधारण सव्वा मीटर पडतो. त्याच्या पहिल्या तीन चौकटींत तो फक्त साडेसात-आठ सेंटिमीटर खाली येतो आणि शेवटच्या तीन चौकटींत ५३ सेंटिमीटरहून अधिक. ॲनिमेटरने हे गणित जसंच्या तसं उतरवलं तर खरा चेंडू मिळतो. वर, उंचीच्या टोकाशी, एखादं चित्र जास्त दिलं तर तोच चेंडू फुग्यासारखा हलका होतो.

हे कसब मुंबईतही पोचलं, आणि तेही थेट डिस्नेच्या माणसाच्या हातून. क्लेअर वीक्स हे मिशनरी आई-वडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले ॲनिमेटर. 'बांबी'सारख्या चित्रपटांवर त्यांनी काम केलं होतं. १९५६ साली भारत-अमेरिका तांत्रिक सहकार्याच्या योजनेतून ते मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तिथल्या कार्टून फिल्म विभागातल्या कलाकारांना त्यांनी शिकवलं. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ साली जातककथेवरचा 'द बनियन डीअर' हा लघुपट तयार झाला. शिकणाऱ्यांमध्ये राम मोहन होते. भारतीय ॲनिमेशनच्या पुढच्या अर्धशतकावर त्यांची छाप राहिली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी निर्माते युगो साको यांच्यासोबत झालेल्या 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम'च्या दिग्दर्शकांपैकी ते एक होते. तो चित्रपट संपूर्ण हाताने काढलेल्या चित्रांचा. २०१४ साली राम मोहन यांना पद्मश्री मिळाली.

मधली चित्रं यंत्राकडून काढून घ्यायची कल्पना मात्र कॅनडात प्रत्यक्षात आली.

ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक हे अभियंते होते. १९६९ साली कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत त्यांनी डिस्नेच्या ॲनिमेटरचं भाषण ऐकलं. मुख्य कलाकार ठळक चित्रं काढतो आणि मधली साहाय्यक भरतात, हे त्यात होतं. कष्टाचं, वेळखाऊ आणि नियमात बसवता येण्याजोगं हे मधलं काम संगणकाला देता येईल, हे त्यांनी ताडलं. परत आल्यावर त्यांनी सहकारी मार्सेली वाइन यांच्यासोबत कीफ्रेम ॲनिमेशनची संगणकप्रणाली उभी केली. कलाकाराने पहिलं चित्र आणि दुसरं चित्र रेषांनी काढून द्यायचं. पहिल्यातली प्रत्येक रेष दुसऱ्यातल्या कोणत्या रेषेशी जुळते ते कलाकार ठरवी, आणि संगणक मधल्या प्रत्येक चौकटीसाठी त्या रेषेवरच्या बिंदूंची जागा मोजून काढी.

हंगेरीत जन्मलेले चित्रकार पीटर फोल्डेस यांनी कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी याच प्रणालीवर १९७१ साली 'मेटाडेटा' आणि १९७४ साली 'हंगर' हे लघुपट केले. 'हंगर'मध्ये एक माणूस खात सुटतो आणि खाता खाता फुगत जातो. शेवटी भुकेल्यांचा जमाव त्यालाच खाऊन टाकतो. एका आकारातून दुसरा आकार ओघळावा तशा रेषा सरकतात आणि खादाडपणाच्या या गोष्टीला ती किळसवाणी तरलता अचूक साधते. कान महोत्सवात त्याला ज्युरी पारितोषिक मिळालं. लघु ॲनिमेशनपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा तो संगणकावर केलेला पहिला चित्रपट. बर्टनिक आणि वाइन यांच्या कामाची ऑस्कर अकादमीने १९९७ साली तांत्रिक पुरस्कार देऊन दखल घेतली.

पण मोजणी करून मधली चित्रं काढण्यात एक अडचण होती, आणि ती आजही प्रत्येक नवशिक्याला भेटते. यंत्राला काहीच सांगितलं नाही तर ते अंतराचे सारखे भाग करतं. मग वस्तू पहिल्याच क्षणी पूर्ण वेगात निघते, त्याच वेगात जाते आणि भिंतीवर आदळल्यासारखी थांबते. वजन असलेली कोणतीही गोष्ट अशी हलत नाही. हात असो, दार असो की बैलगाडी, वेग घ्यायला आणि सोडायला वेळ लागतोच. हे माहीत असल्याने प्रेक्षकाच्या डोळ्यांना ती हालचाल खोटी वाटते, भले त्याला कारण सांगता न येवो. शिवाय कागदावरचं चित्र म्हणजे त्रिमितीय वस्तूची सपाट छाया. मान वळली की कान नाकामागे जातो, हे रेषांच्या मोजणीतून यंत्राला कळत नाही. संगणकशास्त्रज्ञ एड कॅटमल यांनी १९७८ साली एका शोधनिबंधात हीच मर्यादा नेमकी दाखवून दिली. इनबिटवीनर हे सगळं चित्र काढता काढता सावरून घेत असे.

वेग माणसाने ठरवायचा, तर तो यंत्राला सांगायचा कसा? संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड बेकर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत 'जेनेसिस' नावाची प्रणाली केली होती, आणि तिचं उत्तर सुंदर होतं. कलाकाराने टॅब्लेटवर लेखणीने हालचालीचा मार्ग काढायचा आणि संगणकाने आकाराबरोबर हाताचा वेगही टिपायचा. जिथे हात रेंगाळला तिथे बिंदू दाट, जिथे सुटला तिथे विरळ. वळणापाशी हात आपसूक मंदावतो, म्हणजे पात्रही मंदावतं. कलाकाराच्या मनगटाची लय थेट पात्रात उतरे. तोट्याची बाजू अशी, की एकदा चुकलं तर सगळी रेघ पुन्हा ओढायची.

दुसरी वाट गणिताची होती. काही बिंदूंमधून जाणारी गुळगुळीत वक्ररेषा काढायच्या अनेक रीती तोवर तयार झाल्या होत्या. फिल्म बोर्डातच काम करणाऱ्या डॉरिस कोखानेक आणि वॉटर्लू विद्यापीठातले रिचर्ड बार्टेल्स यांनी १९८४ साली त्यांत ॲनिमेटरच्या गरजेची भर घातली. प्रत्येक कीफ्रेमला त्यांनी तीन आकडे दिले : ताण, सातत्य आणि कल. ताण वाढवला की वक्ररेषा त्या बिंदूपाशी आखडते. सातत्य मोडलं की तिथे कोपरा पडतो, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटून दिशा बदलतो तसा झटका मिळतो. कल बदलला की हालचाल बिंदूच्या अलीकडे किंवा पलीकडे झुकते. पुढे 'थ्रीडी स्टुडिओ' आणि 'लाइटवेव्ह'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे तीन आकडे रोजच्या वापरातले झाले.

तरी ॲनिमेटरांच्या हाताला सर्वांत सवयीची झाली ती बेझिए वक्ररेषा, आणि ती आली मोटारींच्या कारखान्यातून. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए, दोघेही १९५०-६०च्या दशकांत गाडीच्या पत्र्याचे बाक संगणकाला कसे सांगावेत या प्रश्नावर काम करत होते. दोघे वेगवेगळ्या वाटांनी एकाच गणितापाशी पोचले. दोन टोकांचे दोन बिंदू आणि वक्ररेषेला आपल्याकडे ओढणारे आणखी दोन बिंदू, एवढ्यावर बाक ठरतो. ॲनिमेशनच्या ग्राफ एडिटरमध्ये हेच ओढणारे बिंदू हँडल बनून येतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर जागा. रेषा जिथे सपाट तिथे वस्तू जवळपास स्थिर, जिथे उभी तिथे वेगात. पहिल्या कीफ्रेमचं हँडल आडवं केलं की हालचाल हळूच सुरू होते. ते लांब ओढलं की ती सुरुवात आणखी रेंगाळते. मधली चित्रं एकाच वेळी बदललेली दिसतात, खोडरबर लागत नाही.

साधनं आली, पण ती कशी वापरायची हे सांगणारा माणूस हवा होता. जॉन लॅसेटर डिस्नेत काम करून लुकासफिल्मच्या संगणक विभागात आला होता. हाच विभाग १९८६ साली पिक्सार नावाने स्वतंत्र झाला आणि त्या वर्षी डॅलसला सिग्राफ या संगणक-ग्राफिक्सच्या परिषदेत त्याने 'लक्सो ज्युनिअर' हा लघुपट दाखवला. दोन टेबललॅम्प आणि एक चेंडू, दोन मिनिटांची गोष्ट. खेळ संपल्यावर संगणकशास्त्रज्ञ जिम ब्लिन लॅसेटरकडे आले. सावल्यांच्या गणिताबद्दल काही विचारतील असं त्याला वाटलं. त्यांनी विचारलं, की तो मोठा दिवा आई होता की बाप. पुढच्याच वर्षी लॅसेटरने सिग्राफमध्ये एक निबंध वाचला. डिस्नेची जुनी तत्त्वं त्रिमितीय संगणक-ॲनिमेशनला कशी लावायची, हा त्याचा विषय. स्लो इन, स्लो आउट त्यात अर्थातच होतं, आणि एक इशाराही होता. वक्ररेषा गुळगुळीत ठेवण्याच्या नादात यंत्र कधी कधी ठरलेल्या जागेच्या पलीकडे जाऊन परत येतं. ॲनिमेटरने न मागितलेला हा ओव्हरशूट शोधून काढावा लागतो.

चित्रपटवाल्यांचं हे ज्ञान वेबच्या जगात पोचवण्याचं श्रेय मोठ्या अंशी रॉबर्ट पेनर या प्रोग्रामरला जातं. मॅक्रोमीडिया कंपनीच्या फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तोवर ईझिंगसाठी उणे १०० ते अधिक १०० अशी एक पट्टी होती, तिच्यावर खूण सरकवायची. पेनरने कोडमधून चालणारी सूत्रं लिहिली आणि २००२ साली फ्लॅश एमएक्सवरच्या आपल्या पुस्तकात ती समजावून दिली. क्वाड, क्युबिक, साइन, एक्स्पो, बॅक, इलॅस्टिक, बाउन्स ही त्यांची नावं. कोणीही वापरावीत अशा खुल्या परवान्याखाली त्याने ती दिली आणि त्यांच्या नकला जवळपास प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत झाल्या.

त्यांतलं 'बाउन्स' उघडून पाहण्यासारखं आहे. एकूण वेळेचे २.७५ भाग केलेले. पहिल्या भागात वस्तू खाली पडते. दुसऱ्या भागात उसळून परत येते, आणि ही उसळी मूळ उंचीच्या पाव. पुढची उसळी अर्ध्या भागात, तिची उंची त्याच्याही पाव. शेवटची पाव भागात, पुन्हा पाव उंचीची. वेळ निम्मा झाला की उंची पाव होते, हे गॅलिलिओच्याच नियमाला धरून आहे. 'बॅक'मध्ये १.७०१५८ हा आकडा सूत्रात बसवलेला आहे. त्याने वस्तू ठरलेल्या जागेच्या दहा टक्के पलीकडे जाऊन मागे येते. पेनरचं नाव न ऐकलेल्या असंख्य प्रोग्रामरांच्या कोडमध्ये हा आकडा आहे.

मग ईझिंग थेट ब्राउझरमध्ये आलं. ॲपलच्या वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या गटाने २००७ साली वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत संक्रमणं, म्हणजे एका रूपातून दुसऱ्यात सावकाश जाण्याची सोय, आणली आणि २००९मध्ये त्यांचा मसुदा वेबची मानकं ठरवणाऱ्यांकडे गेला. तिथे बेझिए वक्ररेषा चार आकड्यांवर आली. काहीच न सांगितल्यास लागू होणारी 'ईझ' ही रेषा म्हणजे ०.२५, ०.१, ०.२५ आणि १. अर्धा वेळ होतो तेव्हा या रेषेवरून निघालेल्या वस्तूने ८० टक्के अंतर कापलेलं असतं. उरलेला अर्धा वेळ ती शेवटचे २० टक्के सावकाश सरकत जाते. बँकेच्या संकेतस्थळावर मेनू उघडताना किंवा रेल्वेचं तिकीट काढताना रंग बदलणाऱ्या बटणात, कोणी वेगळं काही सांगितलं नसेल तिथे, हेच प्रमाण चालू असतं.

फोनच्या पडद्याला बोट लागलं तेव्हा या चार आकड्यांनाही मर्यादा पडली. कालावधी आधीच ठरलेली वक्ररेषा मध्येच अडवली की अडखळते. वर सरकणारं पान वापरणाऱ्याने निम्म्यात धरून खाली ढकललं तर त्या क्षणीचा वेग पुढच्या हालचालीत जायला हवा. म्हणून स्प्रिंगचं गणित आलं. त्यात कालावधी दुय्यम, मुख्य ती स्प्रिंगची ताठरता आणि तिला आवरणारा अवरोध. ॲपलने २०२३ साली आयफोनच्या आयओएस १७ या प्रणालीत, ॲप बनवायच्या स्विफ्टयूआय या आपल्या साधनात न सांगता मिळणारी हालचाल स्प्रिंगचीच केली.

निर्णय घेणाऱ्यांत दरम्यान आणखी एकाची भर पडली. २०१३च्या सप्टेंबरात आलेल्या आयओएस ७मध्ये पडद्यावर जवळ येणारी, दूर जाणारी झूमची हालचाल भरपूर होती, आणि कानातल्या तोलाच्या विकाराने त्रस्त असलेल्या काहींना त्याने भोवळ आणि मळमळ होऊ लागली. पुढच्याच महिन्यातल्या सुधारित आवृत्तीत 'रिड्यूस मोशन'चा पर्याय चालू केला की झूमच्या जागी एक दृश्य विरून दुसरं येई. पुढे ब्राउझरांनीही ही निवड संकेतस्थळांना कळवायची सोय केली. आता वेबसाठी ॲनिमेशन करणाऱ्याला प्रत्येक हालचाल दोनदा ठरवावी लागते. एकदा नेहमीच्या पाहणाऱ्यासाठी, आणि एकदा त्याच्यासाठी ज्याने ती कमीत कमी हवी असं आपल्या फोनवर आधीच नोंदवून ठेवलं आहे.